उभा राहिलेला माणूस

आमच्या राजारामपुरीच्या गल्लीत सध्या घरोघरी गॅसची लाईन टाकायचं काम चालू आहे. रस्ता उकरलाय, दुचाक्या फुटपाथवर चढल्यात आणि रिक्षावाले दिसेल त्याच्या नावानं बोटं मोडतायत. परवा एका आजींचं ब्लडप्रेशर बघत होतो, तर खिडकीतून दिसलं की रस्त्यातल्या जुन्या चेंबरचं झाकण नुकतंच सरकवून एक माणूस आत पाय सोडतोय. आजींच्या दंडाला पट्टा तसाच ठेवून मी बाहेर धावलो आणि त्याच्यावर ओरडलो. तो दचकून वर आला. मुकादम माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "काय झालं पावणं? पाच मिनटाचं काम हाय की."

"पाच मिनटाचं हाय म्हणूनच म्हणतोय," मी म्हणालो. "आदी आतली हवा बगा, मग मानूस सोडा."

एरवी मी पेशंटशी पुस्तकी मराठी बोलतो. घरचे त्यावरून मला चिडवतातही. पण त्या वेळी तोंडातून आलं ते हातकणंगल्याकडचं बोलणं होतं, आणि ते माझं नव्हतंच. आत आलो तर आजी पट्ट्यासकट दारात उभ्या. "कोन हुतं वो डॉक्टर?" त्यांनी विचारलं. बाळगोंडा मगदूम होते, असं सांगावंसं वाटलं. पण मगदूमांना जाऊन वर्ष होत आलं. अंथरुणावर, घरच्या माणसांत गेले. त्यांच्या धंद्यात असं मरण सगळ्यांनाच मिळत नाही, आणि ते सगळ्यांना मिळावं एवढ्यासाठीच हा माणूस जन्मभर लोकांच्या शिव्या खात राहिला.

राजारामपुरीत दर चार घरांमागं एक डॉक्टर. तेव्हा माझा दवाखाना चालायची काही चिन्हं दिसेनात म्हणून तरुणपणी मी आखातातल्या एका तेलक्षेत्रावर नोकरी धरली होती. वाळवंटात उभा केलेला लोखंडी मनोरा, म्हणजे रिग. तो जमिनीत भोक पाडत खाली खाली जातो आणि त्याच्या आसपास डब्यांसारख्या खोल्यांत माणसं राहतात. तिथं मी डॉक्टर आणि मगदूम सेफ्टी ऑफिसर. माणूस पडल्यावर माझं काम सुरू व्हायचं आणि माणूस पडू नये हे त्यांचं काम. थोडक्यात, माझं दुकान बंद पाडायला कंपनीनं पगार देऊन नेमलेला माणूस. रोज सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारायचे, "काय डॉक्टर, गिऱ्हाईक?" मी नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरायचा की मला दोन फटके द्यावेसे वाटायचे.

हातकणंगल्याजवळच्या एका गावातलं जैन शेतकऱ्याचं घर त्यांचं. आई लहानपणीच गेली, म्हणून आत्तीनं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं, त्यांना वाढवलं. पुढं आत्तीचीच मुलगी, सुनंदावहिनी, त्यांना दिली. त्यामुळं आत्ती हीच आई, आत्ती हीच सासू. बुटका, रुंद, कानांच्या पाळ्या मोठ्या आणि गाल कायम घोटून गुळगुळीत केलेले, असा हा माणूस. दिवसातून दोनदा दाढी करायचे. का, ते पुढं सांगतो.

सुट्टीवर कोल्हापूरला आले तरी रिग काही अंगातून उतरायची नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर लोक आधी नवरा-नवरी बघतात, हे मागचं दार कुठाय ते विचारायचे. मग भटारखान्यात जाऊन सिलिंडर आडवे पडलेत का ते बघून यायचे आणि आचाऱ्याशी वाद घालायचे. जिना चढताना कठडा धरायचा, मग तो एका मजल्याचा असो की तीन पायऱ्यांचा. गाडी लावायची ती उलटी, तोंड रस्त्याकडं करून, म्हणजे पळायची वेळ आली तर वळवत बसायला नको. राजारामपुरीच्या गल्ल्यांत गाडी उलटी लावायची म्हणजे मागं अख्ख्या गल्लीची वाहतूक अडवायची. एकदा मागचा रिक्षावाला खाली उतरून म्हणाला, "आण्णा, भूकंप व्हनार हाय काय?" मगदूम शांतपणे म्हणाले, "कवा व्हनार ते सांगून येत न्हाय की." आणि आणखी एकदा गाडी पुढं घेऊन नीट लावली.

कामाला गेले त्या पहिल्या प्रशिक्षणातली त्यांची गोष्ट आमच्या तेलक्षेत्रावर सगळ्यांना पाठ होती. विहिरीतून कधीकधी एक विषारी वायू येतो. हवेपेक्षा जड, त्यामुळं खड्ड्यात, टाकीत, जिथं सखल असेल तिथं साठून राहतो. शिकवणाऱ्या साहेबानं सांगितलं की या वायूला सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, वास आला की पळा. मगदूमांनी हात वर केला. "साहेब, मी अजून चांगलं अंडंबी हुंगलेलं न्हाय. सडलेलं मला कसं कळायचं?" वर्ग हसला. साहेबाला वाटलं हा टिंगल करतोय. पण अंडं ज्या घराच्या उंबऱ्यात आलं नाही तिथं वाढलेल्या माणसाला हा प्रश्न खरंच पडला होता. साहेबानं वैतागून पुढचं वाक्य सांगितलं, आणि ते मगदूमांनी गाठीला बांधून ठेवलं. वायू जास्त असला की तो आधी नाकच मारतो. वास येतो आणि जातो. वास गेला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं, आणि तो पुढं जातो.

पुढं स्वतः शिकवायला लागल्यावर ते नव्या पोरांना हेच सांगायचे. "नाकावर इस्वास ठेवू नगा. माजं नाक तर जलमापासनं अडानी हाय, तुमचं येळंला अडानी हुतंय." छातीला लावायचं वायूमापक यंत्र ते पोरांच्या खिशाला स्वतःच्या हातानं अडकवायचे, आई शाळेच्या पोराला रुमाल लावते तसं.

आता दाढीचं. हवेची टाकी पाठीला लावून तोंडावर मास्क चढवला की तो गालाला घट्ट बसायला हवा. मध्ये दाढीचे खुंट आले की फट राहते आणि त्या फटीतून मरण आत येतं. म्हणून मगदूम रोज सकाळी कामाला निघालेल्या माणसांच्या गालांवरून हाताची पालथी बाजू फिरवायचे. पंजाबी, केरळी, फिलिपिनो, कुणीही असो. सुरुवातीला लोक संतापायचे, मग सवय झाली. एखाद्या दिवशी ते विसरले तर लोकच गाल पुढं करायचे.

आमच्याबरोबर कोल्हापूरच्या पेठेतला रणजित नावाचा गडी होता. अंगानं पैलवान, डोकं गरम. तो सुट्टीवरून परतला तो भरघोस दाढी घेऊन. मगदूमांनी वस्तरा पुढं केला. रणजित म्हणाला, "न्हाय आण्णा. जोतिबाला बोललोय. बायको बाळंत होईस्तवर दाढीला हात लावायचा न्हाय." मगदूम म्हणाले, "मग बाळंतपन हुईस्तवर तू हापिसात फायली लावत बस." रणजितनं शिव्या घातल्या, जेवण सोडलं, देवाधर्मात हात घालतोय म्हणून कंपनीकडं तक्रार करायची भाषा केली. मगदूम ढिम्म. शेवटी म्हणाले, "दाढी तू काढ. जोतिबाला मी सांगतो."

आणि सांगितलं. पुढच्या सुट्टीत हा जैन माणूस रणजितला घेऊन जोतिबाच्या डोंगरावर गेला. मीही बरोबर होतो. पायऱ्या चढले ते अर्थातच कठडा धरून. देवापुढं नारळ ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देवा, ह्या पोराचा नवस मी मोडला. ह्येचा काय दोष न्हाय. राग धरायचा तर माज्यावर धर, ह्येच्या बायकापोरावर नगो. उत्तम क्षमा." गुरव बघतच राहिला. जोतिबापुढं 'उत्तम क्षमा' म्हणणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा. खाली आलो तेव्हा आमचे तिघांचेही कपडे गुलालानं लाल झाले होते आणि रणजित त्यांच्या मागं मागं लहान भावासारखा चालत होता. त्याला मुलगी झाली, सगळं सुखरूप.

ही क्षमा मागायची गोष्ट मगदूमांच्या बाबतीत नीट सांगायला हवी. पर्युषण संपलं की जैन घरांत क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल तर त्याच्यापुढं हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं आणि समोरच्यानंही तेच म्हणायचं. रिगवर असले की मगदूम त्या दिवशी प्रत्येकाकडं जायचे. ज्याचं काम थांबवलं तो, ज्याला ओरडले तो, गोरा साहेब, झाडूवाला, सगळे. पहिल्या वर्षी लाहोरकडचा आमचा आचारी त्यांना हात जोडून आलेलं बघून रडायलाच लागला. त्याला वाटलं, मगदूमांना नोकरीवरून काढलं आणि ते निरोप घेतायत. त्यानं त्यांना कडकडून मिठी मारली आणि संध्याकाळी खास शिरा केला. पुढच्या वर्षी सगळं कळल्यावर तोही आपणहोऊन हात जोडून यायला लागला.

मगदूमांच्या शिकवणीतली एक गोष्ट मात्र मला कधीच आवडली नव्हती. ते सांगायचे, खड्ड्यात माणूस पडलेला दिसला तर त्याच्याकडं धावायचं नाही. उभं राहायचं. हाळी द्यायची, मास्क चढवायचा, मगच उतरायचं. कारण तो ज्या हवेत पडला त्याच हवेत तुम्ही जाणार. एक पडतो, त्याला काढायला दुसरा जातो, दुसऱ्याला काढायला तिसरा. "त्या खड्ड्यात पयला मरतो तो चुकीनं," ते म्हणायचे, "बाकीचे मायेनं मरत्यात." हे ऐकून आमची कोल्हापूरची पोरं खवळायची. दोस्त पडलाय आणि आपण उभं राहायचं? रणजित तर तोंडावर म्हणायचा, "आण्णा, असली शिकवन आमच्या पेठंत दिलासा तर लोक चपला मारतील."

आणि मग शीतल.

शीतल म्हणजे सुनंदावहिनींचा धाकटा भाऊ, आत्तीचा एकुलता मुलगा. बारीक, हसरा, घरी बायको आणि रांगणारं पोर. मगदूमांनीच त्याला आमच्या रिगवर आणला होता. आत्तीनं त्याचा हात मगदूमांच्या हातात देऊन सांगितलं होतं, "बाळगोंडा, तुला वाडिवला तसा ह्येला बग." हे मला शीतलनंच हसत हसत सांगितलं होतं.

विहिरीच्या तोंडाशी, रिगच्या खाली, सिमेंटचा एक चौकोनी खड्डा असतो. सकाळची वेळ होती. शीतल वर काम करत होता आणि त्याच्या हातातला पाना निसटून त्या खड्ड्यात पडला. छातीवरचं वायूमापक बॅटरी उतरल्यामुळं सकाळपासून चिवचिव करत होतं, म्हणून त्यानं ते काढून चहाच्या खोलीत ठेवलं होतं. पाना तर डोळ्यांसमोर दिसतोय. उतरायचं, उचलायचा, वर यायचं. तो शिडीवरून उतरला, वाकला आणि तसाच कोसळला.

रणजितनं ते पाहिलं आणि आरोळी ठोकून धावला. मी त्या आरोळीनंच बाहेर आलो. रणजितचा एक पाय शिडीवर होता, तेवढ्यात मगदूम कुठून आले कोण जाणे, त्यांनी मागून त्याला मिठी घातली आणि दोघेही मागं धाडकन आपटले. तो बुटका माणूस उठला, शिडीपाशी जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. माणसं जमली होती, ओरडत होती. कुणी हिंदीत, कुणी आपापल्या भाषेत. रणजित रडत म्हणत होता, "आण्णा, शीतल हाय त्यो. तुमचा मेवना हाय. सोडा मला." मगदूम एकच शब्द बोलत होते, "मास्क." त्यांच्या पाठीमागं खाली शीतल पडलेला, आणि ते मागं वळून बघत नव्हते. बघितलं असतं तर उभं राहता आलं नसतं, असं त्यांनी मला फार पुढं सांगितलं.

टाक्या आल्या. त्यांनी स्वतःला मास्क लावला, रणजितला लावला, रणजितचे पट्टे ओढून बघितले, आणि मगच उतरले. हे सगळं किती वेळात झालं ते मी सांगू शकत नाही. झटपट झालं असणार. पण मला तो वेळ अजून संपलेला वाटत नाही.

शीतलला वर आणला तेव्हा त्याची नाडी लागत होती. बारीक, तुटक, पण लागत होती. मला येत होतं ते सगळं मी केलं. हेलिकॉप्टर यायच्या आधी ती थांबली.

गावी सगळे विधी झाल्यावर आत्तीनं मला ओसरीवर बोलावलं. ती भिंतीला टेकून बसली होती, बाजूला मगदूम उभे. ती म्हणाली, "डॉक्टर, एकच सांगा. लगीच उतरलं असतं तर वाचला असता काय माजा?" मी असली उत्तरं द्यायला शिकलेलो आहे. म्हणालो, "नाही आत्ती. तो जागच्या जागीच गेला होता. त्याला काही कळलंसुद्धा नाही." ती थोडी सैल झाली. आणि मगदूम म्हणाले, "न्हाय आत्ती. वर काडला तवा नाडी लागत हुती."

मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचाच आला नाही. आत्तीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग विचारलं, "तू काय करत हुतास?"

"उभा हुतो," मगदूम म्हणाले.

ती उठून आत गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

परतीच्या वाटेवर मी त्यांना नाही नाही ते बोललो. काय गरज होती? कुणाचं भलं झालं? मगदूम गाडी चालवत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, मला तिची माफी पायजे. खोटं सांगून मिळाल्याली माफी घिऊन मी काय करू?" मी त्यांच्या जागी असतो तर खोटं बोललो असतो आणि सुखानं झोपलो असतो. त्यांना ते जमलं नाही. जमलं असतं तर ते मगदूम नसते, पण सुखी तरी झाले असते, असं मला आजही वाटतं.

तेव्हापासून ते दरवर्षी क्षमावणीला सुट्टी घेऊन यायचे. सुनंदावहिनी आणि ते आत्तीकडं जायचे. वहिनी सरळ आत जायच्या, शेवटी त्यांचंच माहेर. मगदूम ओसरीच्या पायरीशी थांबायचे, हात जोडून म्हणायचे, "आत्ती, उत्तम क्षमा." ती तिथंच ओसरीवर काहीतरी निवडत, सोलत बसलेली असायची. मान वर करायची नाही. ते तसेच थांबायचे. पाय दुखले की या पायावरून त्या पायावर भार घ्यायचे. वहिनी बाहेर आल्या की दोघं परत फिरायचे. त्या घरातलं पाणीसुद्धा त्यांच्या ओठाला लागलं नाही.

बाकी रिगवर सगळं तसंच चालू राहिलं. गालांवरून हात फिरायचा, पोरांच्या खिशाला यंत्रं अडकवली जायची. फक्त 'उभं राहायचं' हा धडा शिकवताना पूर्वी ते विनोद करायचे, ते बंद झालं. आणि रणजित आता कधीच चपलांची गोष्ट काढत नसे.

निवृत्त झाल्यावर ते माझ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत फ्लॅट घेऊन राहिले. मीही परत आलो होतो आणि वय झालेला डॉक्टर लोकांना जास्त आवडतो, त्यामुळं दवाखाना बरा चालू लागला होता. ते संध्याकाळी येऊन बाकावर बसायचे. बाक रिकामा असला की खूश. पेशंटना विनाकारण सल्ले द्यायचे. हेल्मेट न घालता आलेल्याला माझ्याआधी तेच तपासायचे.

एकदा मी त्यांना म्हणालो, "आण्णा, आत्तीला रणजितबद्दल सांगा की. त्या दिवशी तुम्ही धरला नसता तर तोही गेला असता. आज त्याला दोन मुली आहेत, स्वतःचं वर्कशॉप आहे. हे ऐकून तिला समजेल."

"तिचं पोर गेलंय," ते म्हणाले. "तिला मी दुसऱ्याच्या पोरी दाकवू व्हय?"

सुनंदावहिनी त्याच वेळी डबा द्यायला आल्या होत्या. त्या फार कमी बोलायच्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "डॉक्टर, समदी ह्यास्नी इचारत्यात आनि आईला इचारत्यात. माजाबी भाऊ हुता की त्यो." मग डबा ठेवून गेल्या. मगदूम त्या दारातून दिसेनाशा होईपर्यंत बघत बसले.

गेल्या वेळच्या क्षमावणीपर्यंत त्यांचं हृदय थकलं होतं. गाडी चालवायला मीच बंदी घातली होती, त्यामुळं मीच त्यांना नेलं. वाटेत ते माझ्या ब्रेकबद्दल बोलत राहिले. गावात पोचलो तर आत्ती नेहमीसारखी ओसरीवर. आता पार वाळून गेलेली. समोर नव्या भुईमुगाच्या शेंगांचा ढीग, मांडीपाशी सूप. वहिनी आत गेल्या. मगदूम पायरीशी थांबले. मी थोडा मागं, फाटकाजवळ.

"आत्ती, उत्तम क्षमा."

ती शेंगा फोडत राहिली. मगदूमांनी कठड्याला हात टेकला, कारण आता त्यांना नुसतं उभं राहणं जड जात होतं. मग ती खाली बघूनच बोलली. इतक्या वर्षांत मी तिचा आवाज विसरलो होतो.

"सन्मती आखातात चाललाय."

सन्मती म्हणजे शीतलचं ते रांगणारं पोर. आता डिप्लोमा झालेला उंच तरुण. तो आतल्या दारात उभा होता, आपल्याबद्दल बोलणं चाललंय म्हणून अवघडलेला. मगदूमांनी त्याच्याकडं पाहिलं.

"नगो म्हनून सांगितलं," आत्ती म्हणाली. "त्येच्या आईनं सांगितलं. आयकत न्हाय. तेलाच्या हिरीवरच जानार म्हनतोय." तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "गेल्या साली शेजाऱ्याचं वासरू हिरीत पडलं, तर ह्येनं कपड्यासकट उडी टाकली. कुनी पडल्यालं दिसलं की ह्यो पळतोय. तितंबी पळंल."

मगदूमांनी या पायावरून त्या पायावर भार घेतला.

"तू ह्येला उभं ऱ्हायला शिकीव," ती म्हणाली.

मी फाटकाची कडी घट्ट धरली. मगदूमांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. मग ते म्हणाले, "शिकवतो, आत्ती. पर उभं ऱ्हायलं की मागनं लई जड जातंय. त्ये कसं शिकवू?"

आत्तीनं पहिल्यांदा मान वर केली.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "इतकी वर्सं दारात बगतेय की तुला."

'उत्तम क्षमा' ती म्हणाली नाही. पुढं ते गेले तोपर्यंतही म्हणाली नाही. तिनं फक्त मांडीजवळचं सूप थोडं बाजूला ओढलं, तेवढी जागा झाली. मगदूम पायरी चढून ओसरीवर आले आणि हळूच तिच्या शेजारी खाली बसले. सन्मती समोर येऊन बसला.

बऱ्याच वेळानं सुनंदावहिनी पदराला हात पुसत माझ्याकडं आल्या. "डॉक्टर, तुमी निगा," त्या म्हणाल्या. "आमी ऱ्हातोय हितं."

मी गाडीशी आलो आणि एकदा वळून बघितलं. मगदूम खाली मान घालून शेंगा फोडत होते, मध्येच सन्मतीला काहीतरी सांगत होते, आणि आत्ती त्यांनी फोडलेल्यातले फुटके दाणे निवडून बाजूला काढत होती. मगदूमांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दोन्ही हात कामात होते, त्यामुळं त्यांनी ते पुसलं नाही.